कार्पेटचा जिना आणि जिन्याखालचं मशीन

सर्वप्रथम एक कबुली. मी बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी आणि शाळेत मराठी बोललं की दंड! त्यामुळे "मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना" असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मेसच्या रांगेत सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. कविता येत नाही. प्रेमावर लिहावं तर अनुभव नाही (आहे, पण छापण्यासारखा नाही). भारत महासत्ता होणार की नाही यावर लिहिणारे दरवर्षी पुष्कळ असतात. म्हणून मी ठरवलं, आपण जिन्यावर लिहायचं. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

हसू नका. आपल्या ऑडीच्या फॉयेमधून बाल्कनीकडे जाणारे दोन जिने तुम्ही सगळ्यांनी चढले आहेत. फ्रेशर्सला, गॅदरिंगला, त्या न संपणाऱ्या गेस्ट लेक्चर्सना. दोन्हींवर कार्पेट आहे. ते मुळात लाल होतं असं सीनियर्स सांगतात. मी फर्स्ट इयरला आले तेव्हापासून ते कडेला मरून आणि मधोमध काळं आहे. जुलैमध्ये त्या जिन्यावर गेलात तर जो वास येतो, तो आपल्या हॉस्टेलमध्ये पंख्याखाली वाळत घातलेल्या जीन्सचा असतो. ओळखीचा वास आहे, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजने कार्पेट धुण्याचं एक मशीन घेतलं. हाउसकीपिंग कमिटीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून कोणीतरी माझं नाव टाकलं होतं (मला विचारून नव्हे), त्यामुळे डेमोला मी हजर होते. मशीन चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. ढकलत चालायचं, ते पाणी फवारतं, गोल ब्रश घासतो आणि लगेच घाण पाणी परत ओढून घेतं. विक्रेत्याच्या माणसाने हॉलच्या सपाट भागात एक पट्टा ओढून दाखवला आणि टाकीचं झाकण उघडलं. आत मेसच्या चहासारखं पाणी! सगळे म्हणाले, वा वा. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. हे जिन्यावर कसं चालवायचं, असं त्या दिवशी कोणीही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, हे इथे लिहायलाच हवं.

नंतर मी टेप घेऊन मोजलं. मशीनची रुंदी ४५ सेंटिमीटर. पायरीची खोली ३० सेंटिमीटर. आता हे जमवायला मेकॅनिकलची डिग्री लागत नाही. शिवाय मशीनचं रिकामं वजन ५० किलो, आणि ३५ लिटरची टाकी भरली की ८५. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेचं वजन उचलण्याबाबत एक सूत्र आहे. त्यात अगदी आदर्श परिस्थितीत धरलेलं वजन २३ किलो असतं, आणि मग वाकावं लागतं, वळावं लागतं, वस्तू अंगापासून लांब धरावी लागते, तसतसं ते कमी करत न्यायचं. ८५ किलो तर सोडाच. तेव्हापासून ते मशीन हॉलच्या सपाट भागात महिन्यातून एकदा फिरतं आणि बाकीचे दिवस जिन्याखालच्या खोलीत उभं असतं, पोटावर पांढऱ्या रंगात डेडस्टॉक नंबर लिहून घेऊन. जिना वर, मशीन खाली. दोघांची गाठ पडलेली नाही.

मग जिन्याच्या वाट्याला काय आलं? एक जुना व्हॅक्युम क्लीनर. चाकं असलेला डबा आणि त्याला नळी, घरोघरी असतो तसाच. हा डबा पायरीवर टेकवायचा, चाकं असल्यामुळे पायाने अडवून धरायचा, एका हातात नळी, दुसऱ्या हातात वायर, आणि अशा अवस्थेत वाकून पायरी साफ करायची. कठडा धरायला तिसरा हात लागतो. २०२५ च्या जानेवारीत, गॅदरिंगच्या दिवशी सकाळी साडेसहाला, नळीला हिसका बसला, डबा पायरीवरून सुटला, त्याला सावरायला मावशी वळल्या आणि सात पायऱ्या खाली आल्या. डाव्या मनगटाला फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. मावशी कॉन्ट्रॅक्टवर आहेत, म्हणजे काम नाही तर पगार नाही. आम्ही लेडीज हॉस्टेलमध्ये वर्गणी काढली, स्टाफमधल्या मॅडमनीही भर घातली, पण वर्गणी म्हणजे काही पगार नव्हे. आणि त्याच संध्याकाळी आम्ही साड्या नेसून, फोटो काढत, त्याच जिन्याने बाल्कनीत गेलो. मला ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

"मावशींनी सांभाळून काम करायला हवं होतं" असं मी दोन-तीन ठिकाणी ऐकलं. मला हे मान्य नाही. ज्या कामात तीन हात लागतात ते काम दोन हातांच्या माणसाला दिलं तर अपघात ही फक्त वेळेची गोष्ट असते. चूक मशीन निवडण्यात झाली, आणि माझं म्हणणं असं आहे की ती आपल्याला, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजला, सगळ्यात जास्त लागू होते. आपण निवडलं हॉलसाठी आणि गृहीत धरलं की जिना त्यात आपोआप येईल.

आकडे बघा. एका जिन्याला २४ पायऱ्या, म्हणजे मध्ये लँडिंग आणि खाली-वर बारा-बारा. दोन जिन्यांच्या मिळून ४८. प्रत्येक पायरी दीड मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, १५ सेंटिमीटर उंच. आडवा आणि उभा भाग धरून एका पायरीचं कार्पेट ०.६७५ चौरस मीटर, सगळ्यांचं मिळून ३२.४. म्हणजे साधारण ३५० चौरस फूट. हॉलच्या मानाने काहीच नाही, म्हणूनच कोटेशन मागवताना जिना कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. पण हॉलमध्ये माणसं पांगतात. जिन्यावर प्रत्येकजण तेवढ्याच दोन फूट पट्ट्यात आणि पायरीच्या नेमक्या कडेवर पाय देतो. ती कड सिव्हिलवाले नोझिंग म्हणतात. तिथे कार्पेट वाकलेलं असल्यामुळे लव फाकलेली असते, माती थेट मुळाशी जाते, आणि वाळूचे कण बुटाखाली दाबले जाऊन धागे कापत राहतात. तेव्हा रोजच्या स्वच्छतेत सगळ्यात आधी जिना यायला हवा. येतो शेवटी.

आता मळ म्हणजे काय हेही थोडं सांगते, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. कार्पेटमधला बहुतेक मळ कोरडा असतो. माती, वाळू, केस, कपड्यांचा भुगा. तो आधी कोरडाच काढला नाही आणि वर पाणी ओतलं तर चिखल होतो आणि तो खाली बसतो. आपल्याकडे गॅदरिंगच्या आधी हेच होतं. बादलीत धुण्याची पावडर, काथ्याचा ब्रश, आणि घासाघास. दोन दिवस जिना लालभडक दिसतो. पण पावडर पूर्ण निघत नाही, ती लवेत चिकट राहते आणि पंधरा दिवसांत आधीपेक्षा जास्त धूळ धरून ठेवते. मावशींना हे पाठ आहे. "साबण कमी टाका म्हणलं तर म्हणतात फेस येत नाही," असं त्या मला म्हणाल्या. फेस बघून समाधान पावणारी माणसं कोण, ते मी लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतः करून बघितली आणि तिचा मला अभिमान आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लावते. जुना व्हॅक्युम क्लीनर "ओढत नाही" अशी तक्रार होती, आणि मेंटेनन्सचं उत्तर होतं की मोटर ठीक आहे. मी आणि लॅबच्या सरांनी तो एफएमच्या लॅबमध्ये नेला आणि नळीचं तोंड पाऱ्याच्या मॅनोमीटरला घट्ट जोडलं. पारा चढला १३० मिलिमीटरच्या आसपास. पाण्याच्या भाषेत पावणेदोन मीटरपेक्षा जास्त. म्हणजे मशीन ठणठणीत! पण जिन्यावर नेलं तर धूळ हलत नव्हती. मग डोक्यात प्रकाश पडला. नळी बंद असताना हवा वाहतच नाही. हवा वाहत नाही तर चोंदलेल्या पिशवीत प्रेशर ड्रॉप कुठून होणार? त्यामुळे पिशवी नवी असो की गच्च भरलेली, मॅनोमीटर जवळपास तेच सांगणार. मग आम्ही विंड टनेलजवळचा अॅनिमोमीटर नळीच्या उघड्या तोंडाशी धरला. भरलेल्या पिशवीत वेग निम्म्याहून कमी. नवी पिशवी घातली आणि काटा पळाला. पूर्ण सेकंड इयर एफएम शिकून मला जे कळलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासात कळलं (तरी ओरलला मला पिटो ट्यूबच विचारली).

यातून खरेदीसाठी निघतं ते असं. कोटेशनवर ठळक अक्षरात वॅट लिहिलेले असतात. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. त्यावरून ते ओढतं किती हे कळत नाही. दोन आकडे मागायला हवेत, बंद तोंडाचं सक्शन आणि उघड्या तोंडाचा हवेचा प्रवाह. आणि हे दोन कमाल आकडे कधी एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे त्यांचा गुणाकार करून खूश व्हायचं नाही. तिसरा आकडा कोणी मागतच नाही, तो म्हणजे नळीचा व्यास. डार्सी-वाइसबाख आठवतोय? तेवढ्याच प्रवाहासाठी नळी दुप्पट लांब केली तर लॉस दुप्पट. पण नळी ३८ मिलिमीटरऐवजी ३२ ची घेतली तर लॉस जवळजवळ २.४ पट, कारण व्यास पाचव्या घातात बसलाय. जिन्यासाठी लांब नळी लागणारच, म्हणून बारीक नळी नको.

रोजच्या कोरड्या कामासाठी माझी पसंती पाठीवर अडकवायच्या व्हॅक्युमला आहे. सॅकसारखा पट्ट्यांनी बांधायचा, साधारण पाच-सहा किलोचा. आपण सबमिशनच्या आठवड्यात जर्नल्स घेऊन फिरतो ते वजन काही कमी नसतं. मशीन पाठीवर गेलं की पायरीवर टेकवायला, अडवायला, घसरायला काही उरतच नाही. एका हातात दांडी, दुसरा हात कठड्यावर. वायर असेल तर ती नेहमी मागे, वरच्या बाजूला राहील अशी लावून वरून खाली यायचं, म्हणजे झाडलेल्या पायरीवर वरची धूळ पडत नाही. बॅटरीवरचं मिळालं तर वायरचा प्रश्नच मिटतो. पण बॅटरी दोन वर्षांनी कोण बदलणार हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या, नाहीतर आणखी एक डेडस्टॉक नंबर. सोबत दहा-बारा सेंटिमीटर रुंदीचं छोटं तोंड हवं. पायरीचा उभा भाग आणि कोपरा मोठ्या तोंडाला सापडत नाही. फिल्टर हेपा असेल तर उत्तम. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. पाठीवर मशीन असताना बाहेर पडणारी हवा वापरणाऱ्याच्या मानेजवळून जाते, तेव्हा हा चोचलेपणा नाही.

गोल फिरणारं स्क्रबर, जे कॉरिडॉरमध्ये फरशीवर चालवतात, ते जिन्यावर कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणावं. हँडल जरा वर-खाली झालं की ते कडेला उडी मारतं. सपाट फरशीवर ही गंमत असते, जिन्यावर नाही.

ओल्या धुण्याबद्दल माझं मत मी मध्येच बदललं. आधी वाटत होतं की छोटं, डब्यासारखं दुसरं मशीन घ्यावं, जे खाली ठेवून नळी आणि हातातलं तोंड वापरून पायऱ्या धुता येतात. जिन्यासाठी बहुतेक व्यावसायिक सफाईवाले तेच वापरतात. मग मी आपल्या त्या ८५ किलोवाल्याचं मॅन्युअल शोधून काढलं (स्टोअरमध्ये, प्लास्टिकमध्ये, न उघडलेलं). शेवटून तिसऱ्या पानावर लिहिलंय की मशीनला वेगळी नळी आणि हातातलं तोंड जोडता येतं! अॅक्सेसरी म्हणून मिळतं, आपण घेतलेलं नाही. म्हणजे मशीन जिन्याखालून बाहेर काढून फॉयेत उभं करायचं आणि नळी वर न्यायची. पायऱ्यांच्या उतारावरचं अंतर मी काढलं. एका पायरीला ३३.५ सेंटिमीटर, बारा पायऱ्यांना चार मीटर. खालचे चार, लँडिंगचा दीड, वरचे चार, आणि थोडी ढिलाई. म्हणजे बारा मीटर नळी. मशीन खाली असल्याने घाण पाणी परत येताना गुरुत्वाकर्षण मदतच करतं. पण एवढ्या लांबीला ते पुरेसं ओढेल का, हे कागदावर ठरवू नये. विक्रेत्याने सगळ्यात वरच्या पायरीवर करून दाखवावं. ओढलं तर नवीन मशीनचे पैसे वाचले. नाही ओढलं तर वर्षातून दोनदा बाहेरच्या सफाईवाल्यांना बोलवा. ३५० चौरस फुटांसाठी तिसरं मशीन घेणं मला पटत नाही.

पाणी परत ओढणं इतकं महत्त्वाचं का, तर वाळणं. एकदा पाणी मारलं की त्याच जागेवरून दोनदा तरी नुसतंच ओढायचं, आणि लँडिंगवर ब्लोअर लावायचा. कार्पेट एक-दोन दिवस ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रण. जीन्सचा वास तिथूनच येतो. पावसाळ्यात तर धुवूच नये, दिवाळीच्या सुट्टीत धुवावं. आणि पाणी, वीज, ओलं कार्पेट हे तिघं एकत्र येणार असतील तर त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते आधी बघावं. फॉयेतल्या सॉकेटला नाही, मी बघितलंय. इलेक्ट्रिकलवाल्यांनी हा मिनी प्रोजेक्ट म्हणून घ्यावा, फुकटची आयडिया देतेय.

काही सर म्हणतात, एवढं सगळं करण्यापेक्षा कार्पेटच काढून टाका आणि कोटा बसवा. बरोबर असेलही. पण मग बाल्कनीत उशिरा येणाऱ्या प्रत्येकाच्या सँडलचा आवाज स्टेजपर्यंत जाणार, आणि मुख्य म्हणजे तो निर्णय व्हायला आपल्याकडे किती बॅचेस पास आउट होतील ते तुम्हालाही माहीत आहे. तोपर्यंत जिना रोज सकाळी साडेसहाला कोणीतरी साफ करणारच आहे.

व्हॅक्युम क्लीनरचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट फार आवडली. १९०१ मध्ये लंडनला ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढणारं मशीन बनवलं. ते इतकं प्रचंड होतं की घोड्यांनी ओढून आणायचे, रस्त्यावर उभं करायचे आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडायचे. आपल्या इंजिनिअर लोकांचं आधीपासून असंच आहे! हातात धरून वापरता येईल असं विजेवरचं मशीन १९०७ मध्ये अमेरिकेत ओहायोमधल्या कँटनला जेम्स मरे स्पँगलर यांनी बनवलं. ते एका दुकानात सफाईचं काम करायचे आणि त्यांना दमा होता. कार्पेट झाडताना उडणाऱ्या धुळीने ते हैराण झाले होते. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ गोळा करायला उशीचा अभ्रा, एवढ्यावर त्यांनी जमवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे ते हूव्हर यांनी विकत घेतलं.

आपल्या खरेदी समितीत प्राध्यापक आहेत, अकाउंट्सचे साहेब आहेत, स्टोअरचे काका आहेत, आणि आता मी आहे. ज्यांच्या हातात मशीन जाणार त्यांच्यापैकी एकही नाही. मी अर्ज दिलाय की यावेळचा डेमो जिन्यावर व्हावा, वरच्या पायरीवर, आणि तो विक्रेत्याच्या माणसाने नाही तर आपल्या मावशींनी चालवून बघावा. तीन कोटेशनपैकी सगळ्यात स्वस्त ते घ्यायचं हा नियम मला माहीत आहे. पण स्वस्त कशात मोजायचं? सहा आठवड्यांचा पगार कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नव्हता, आणि तो भरला तर मावशींनीच.

सरांनी अर्ज वाचून "बघू" म्हटलंय. नाही म्हणालेले नाहीत, म्हणून मी रोज एकदा ऑफिससमोरून जाते.

मावशींना मी पाठीवरच्या व्हॅक्युमचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो लांब धरून, मग जवळ धरून बघितला. मनगट अजून पूर्ण वळत नाही, फोन उजव्या हातातच धरला. "पाठीवर घ्यायचं व्हय? चालंल," म्हणाल्या. मग विचारलं, "पण बाळा, ह्यो पट्टा बाप्याच्या मापाचा दिसतोय. आमच्या मापाचा येतो का?"

मी कॅटलॉग पुन्हा उघडला. त्यात लिहिलेलं नाही. डेमोच्या दिवशी विचारायच्या प्रश्नांत तो आता पहिला आहे.